तोंडानं वाजवून दाखव

माझ्या जावेला गाडीचा आवाज तोंडानं काढता येतो आणि मला येत नाही. एवढ्याशा गोष्टीवरून एखादी बाई जळू शकते का, असं कुणी विचारलं तर मी सांगते, हो बाप्पा, जळू शकते. मी अठरा वर्षं जळले आहे. चाळिशी उलटली, शाळेत मुलांना मराठी शिकवते, लोक मला समजूतदार म्हणतात. म्हणू देत.

हा आवाज काढण्याचा प्रकार आमच्या घरात आला तो सासऱ्यांमुळे. मामाजी बसच्या डेपोत वर्कशॉपचे मुख्य मेकॅनिक होते. गाडी बिघडली म्हणून ड्रायव्हर आला की ते पाना उचलायचे नाहीत. त्याला समोर उभं करायचे आणि म्हणायचे, "आधी तोंडानं वाजवून दाखव." मग मिशीवाला, पोट सुटलेला ड्रायव्हर चारचौघांत 'घर्रर्र खट, घर्रर्र खट' करायचा. मामाजी डोळे मिटून ऐकायचे आणि बोनट न उघडता सांगायचे, कुठला नट ढिला आहे. रिटायर झाल्यावर हा नियम त्यांनी घरी आणला. मिक्सर असो, कूलर असो, शेतातली मोटर असो, ज्याची तक्रार त्यानं आवाज काढायचा.

माझं लग्न होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा स्वयंपाकघरातला कूलर कुरकुरायला लागला. मामाजी म्हणाले, "वाजवून दाखव." मी नवी नवरी. पदर सावरला, घसा खाकरला आणि म्हटलं, "असा... कूलरसारखाच येतो मामाजी." घरभर हशा पिकला. माझी मोठी जाऊ पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं, गाल फुगवले आणि 'फट्फट्फट् सुंईंईं' असा आवाज काढला की मी वळून कूलरकडेच पाहिलं. मामाजी म्हणाले, "पंख्याची पाती जाळीले घासून राह्यली. शाबास मोठे." त्या दिवशी ती मोठी झाली आणि मी लहानी राहिले. नुसती नात्यानं नाही.

जावेबद्दल वाईट सांगावं तर सांगायला काही नाही, आणि मला त्याचाच जास्त राग येतो. ती कधी टोमणा मारत नाही. अकोल्यात जुन्या शहरात त्यांचं घर आहे, मोर्णा नदीच्या पलीकडं, आणि गल्ली एवढी चिंचोळी की समोरून म्हैस आली तर माणूस ओट्यावर चढतो. त्या गल्लीत ती गाडी उलटी नेते. एका दमात! आरशात एकदा इकडं, एकदा तिकडं पाहते, आणि गाडी दारात. मी मात्र पुलाजवळ गाडी लावून पिशव्या घेऊन पायी जाते आणि सगळ्यांना सांगते की तेवढंच चालणं होतं.

माझी गाडी पांढरी, लहानशी, दुसऱ्याकडून घेतलेली. माझी बदली चांदूर रेल्वेला झाली तेव्हा घेतली. रोज अमरावतीहून जायचं, रोज यायचं. मामाजी दसऱ्यापासून होळीपर्यंत आमच्याकडं अमरावतीला राहायचे आणि होळीनंतर अकोल्याला मोठ्या मुलाकडं. अशी वाटणी सासूबाई गेल्यापासून चालू होती. या होळीला बॅग भरताना ते म्हणाले, "आता हे घर बदलनं मले झेपत नाई. पुढच्या पोळ्याले सांगतो कुठी राहाचं ते. जिथी राहीन तिथीच राहीन."

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. ते आमच्याकडंच राहावेत असं मला वाटत होतं, अगदी मनापासून. त्यात प्रेम किती आणि जावेवर मात करायची खुमखुमी किती, ते मला विचारू नका. मलाही वेगळं करता येत नाही.

आणि नेमका उन्हाळ्यात माझ्या गाडीत आवाज सुरू झाला.

साधी चालवली तर गप्प. एक्सलेटर दाबला की पायाखालून कुठूनतरी बारीक, धातूचा, थरथरता आवाज यायचा. बडनेऱ्याचा पूल चढताना दुसऱ्या गिअरमध्ये तर हमखास. वर पोचून पाय सैल केला की बंद. जणू स्टीलच्या डब्यात कुणी चमचा हलवतंय. आमच्या ह्यांना शेजारी बसवलं तर ते म्हणाले, "मले तं रेडिओ ऐकू येऊन राह्यला." गॅरेजवाल्यानं फॅनबेल्ट बदलला. दुसऱ्या दिवशी पुलावर पुन्हा तोच आवाज. परत गेले तर त्यानं चाकाच्या बेअरिंगवर संशय घेतला. तेव्हा मात्र मी मामाजींना फोन केला.

"वाजवून दाखव," मामाजी म्हणाले.

मी स्टाफरूममध्ये होते. फोनवर तोंड झाकून म्हटलं, "किर्र... किर्रटिन..."

"हे तं रातकिडा झाला नं व!"

मागून जावेच्या हसण्याचा आवाज आला. हसली म्हणजे काय, जरा फिस्सकन. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मामाजींनी मग नीट शिकवलं, ते काही मी नाकारत नाही. म्हणाले, "असं कर. रस्ता मोकया पाहून गाडी पन्नासवर ने. मंग क्लच दाब आन् एक्सलेटर सोडून दे. गाडी घरंगळत राहीन. आवाज राह्यला तं चाकाचा, गेला तं चाकाचा नाई. मंग गाडी उभी करून, न्यूट्रलवर नुसता एक्सलेटर दाबून पाह्य."

मी करून पाहिलं. घरंगळताना आवाज नाही. उभ्या गाडीत कितीही एक्सलेटर दाबला तरी नाही. म्हणजे चाकं सुटली, बेअरिंग सुटलं. फक्त इंजिन ओझं ओढतं तेव्हाच आवाज येतो. मी फुलून गेले. संध्याकाळी फोन केला तर मामाजी म्हणाले, "बरोबर. मोठी पन हेच म्हने का लोडवरच येत असन."

मोठी म्हणे! जिनं गाडी पाहिली नाही, ऐकली नाही, तिनं अकोल्यात बसून सांगितलं आणि मी पन्नासच्या वेगानं जीव धोक्यात घालून शोधलं. दोघींना एकच शाबासकी. त्या दिवशी मी भाजीत तिखट जास्त टाकलं आणि सगळ्यांना खायला लावलं.

मग जून महिन्यात नात्यातलं लग्न आलं. मामाजींना घ्यायला मी मुद्दाम अमरावतीहून अकोल्याला गेले. दोन गाड्या पुलाजवळ उभ्या, तिची आणि माझी. मी दार उघडून धरलं. मामाजी माझ्या गाडीपाशी आले, छतावर हात ठेवला, आणि म्हणाले, "नाई व. मी मोठीच्या गाडीत बसतो." आणि जाऊन बसले. मी उघडं दार धरून उभी. सगळ्या वऱ्हाडासमोर. जाऊ म्हणाली, "लहाने, तूही चाल नं आमच्यासंग." मी म्हटलं, "नको, मले माझी गाडी हाय." त्या रस्त्यावर मी रडत गाडी चालवली आणि दर वेळी एक्सलेटर दाबला की तो मेला आवाज यायचा. मी पक्कं धरलं की हा आवाज आहे तोवर मामाजी माझ्या गाडीत बसत नाहीत, आणि माझ्या गाडीत बसत नाहीत ते माझ्या घरी काय राहणार.

पोळ्याच्या आधीच्या रविवारी मी अकोल्याला गेले. मामाजींच्या हातानंच आवाज घालवून घ्यायचा, असं ठरवूनच. पुलाजवळ गाडी लावत होते तर जाऊ समोर उभी. भाजी घेऊन परत येत होती.

"आन किल्ली," ती म्हणाली. "एक चक्कर मारून पाह्यतो."

तिनं माझी गाडी पुलावर नेली, वळवली, परत आणली. मी शेजारी बसून तिचे पाय पाहत होते. क्लच कसा लोण्यासारखा सोडते! मग तिनं गाडी गल्लीत घातली, उलटी, माझी गाडी, जी मी तीन वर्षांत त्या गल्लीत नेली नव्हती, आणि दारासमोर थांबवली. उतरली ती सरळ मामाजींच्या खुर्चीपाशी. त्यांना आताशा बारीक आवाज ऐकू येत नाहीत, सगळं आयुष्य वर्कशॉपात गेलं, म्हणून तिनं त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि वाजवलं. "टिर्रर्रिंग, टिर्रर्रिंग." अगदी तोच.

मामाजींनी डोळे मिटले होते ते एकदम उघडले. जावेकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग दारातल्या गाडीकडं. आणि म्हणाले, "काई नाई. राहू दे. जेवून घ्या."

मामाजी आणि 'राहू दे'! ज्या माणसानं मिक्सरच्या आवाजासाठी जेवण थांबवलं, तो म्हणतो राहू दे? जेवण झाल्यावर जाऊ म्हणाली, "तू थकली असशीन, पड जराशी." मी पडले. दहा मिनिटांत बाहेरून कुजबुज आली. मी उठून दारापाशी गेले. माझ्या गाडीशेजारी पोतं अंथरलेलं, त्यावर मामाजी गुडघे टेकून बसलेले, हातात पक्कड, आणि जाऊ टॉर्च धरून उभी. मामाजी म्हणत होते, "तिले नको सांगू." जाऊ म्हणाली, "नाई सांगत."

म्हणजे माझ्या गाडीत काय आहे ते तिला माहीत, आणि मला नको सांगू! इतकी वर्षं मी मनात ठेवलेलं सगळं तेव्हा तोंडात आलं.

"काय नाई सांगाचं मले?" मी ओरडले. "गाडी माझी हाय नं? का तेही ताईचीच?"

जावेच्या हातातला टॉर्च खाली आला. मी म्हटलं, "मले पाहाचं हाय. आता. माझ्या डोयानं."

मामाजींनी सुस्कारा टाकला. मेकॅनिक तो मेकॅनिक, लाज वाटत असली तरी काम नीटच करणार. "मोठे, तू गाडीत बस," ते म्हणाले. "हँडब्रेक पूर्न ओढ, ब्रेकवर पाय ठेव. गाडीच्या समोर कोनी उभं राहू नका. लहाने, तू बाजूनं, टायरापासून लांब, वाकून आत पाह्य. मोठे, पहिला गिअर टाक आन् क्लच जराशी सोड, गाडीनं जोर घेतला का थांब."

जावेचा टॉर्च घेऊन मी पोत्यावर गुडघे टेकले, जमिनीला गाल लावला. जावेनं क्लच सोडला. इंजिन मागं कलंडलं, बोटभर. त्याच्याबरोबर सायलेन्सरचा पाइप सरकला आणि पाइपाला काहीतरी काळं, वाकडं लागून थरथरलं. टिर्रर्रिंग. क्लच दाबला, पाइप जागेवर, आवाज बंद. पुन्हा सोडला, पुन्हा टिर्रर्रिंग. मी टॉर्च मारला.

घोड्याची नाल होती. तारेनं आडव्या पट्टीला बांधलेली. तार ढिली होऊन नाल खाली घसरली होती.

"ही कोनं बांधली?"

जाऊ गाडी बंद करून उतरली. मामाजी म्हणाले, "म्या."

मला हसावं की रडावं कळेना. हा माणूस डेपोत असताना बसला बांधलेली लिंबू-मिरची कात्रीनं कापून फेकायचा. 'गाडी ग्रीसवर चालते, लिंबावर नाई,' हे त्यांचं वाक्य आमच्या घरातल्या पोराटोरांना पाठ. मागच्या दसऱ्याला मी गाडीची पूजा करून चाकाखाली लिंबू ठेवलं तर मला केवढे रागावले होते! आणि त्याच दसऱ्याला, मी शेजारीपाजारी सोनं वाटायला गेले असताना, पोतं टाकून माझ्या गाडीखाली शिरून यांनी नाल बांधली. तेव्हा घट्ट होती. इंजिन ज्यावर टेकतं ते माउंटिंगचं रबर बसलं, इंजिन जास्त हलायला लागलं, वरून चांदूरच्या रस्त्याचे गतिरोधक. बारीक आवाज त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळं आपल्याच नालेचा आवाज आपण फोनवर शोधतोय हे त्यांना कळलं नाही. जावेनं कानाशी वाजवला तेव्हा कळलं. तिनं त्यांचा चेहरा पाहून विचारलं, म्हणून तिला सांगावं लागलं.

हे सगळं ऐकून दुसरी कुणी असती तर पाया पडली असती. मी काय विचारलं सांगू?

"ताईच्या गाडीले काहून नाई बांधली?"

"तिले कायले पाह्यजे?" मामाजी म्हणाले. "तिले चालवता येते."

बरं. घ्या. इतक्या वर्षांचं उत्तर एका वाक्यात मिळालं. मामाजी पक्कडीनं तार सोडवत होते आणि खाली बघत बोलत होते, एरवी ते इतकं बोलत नाहीत.

"तू बिरेक उशिरा मारतं. ट्रकच्या मांगून निंगतं त माझा जीव मुठीत येते, म्हून मी तुया गाडीत नाई बसत. तिकडं असलो का सहा वाजता ओट्यावर येऊन बसतो. तुयी गाडी वळली का मंग जीवात जीव येते. मले वाटलं इथी आलो का सुटलो. पन इथी तं अजूनच बेकार. सहा वाजले का फोन हाती घेऊन बसा लागते, अन् फोन करावं तं तू चालवत असशीन. नाई होत बाप्पा. मी अमरावतीलेच येतो. निदान डोयानं दिसन आली का नाई ते."

सहा वाजता ते ओट्यावर हवा खायला बसतात असं मी समजत होते. चपला काढताना मी त्यांना म्हणायची, "मामाजी, डास चावतीन, आत चला." आणि ते उठायचे. लगेच उठायचे.

मी जिंकले होते. पोळ्यापर्यंत थांबायचीही गरज पडली नाही. मामाजी बॅग भरायला आत गेले आणि मी जावेकडं पाहिलं, खोटं कशाला बोलू, तिचा चेहरा कसा झालाय ते पाहायलाच पाहिलं.

ती नाल हातात घेऊन उभी होती. पदरानं तिच्यावरचं ग्रीस पुसत होती.

"मले हिवरखेडहून येता येता कधी आठ वाजतात," ती म्हणाली. शेताचं सगळं तीच पाहते, एकटी जाते, एकटी येते. "येतो तवा सगळे टीवी पाहत राह्यतात. गाडी लावतो, आत येतो, भात टाकतो. कोनी इचारत नाई पोचली का म्हून. मले येते नं चालवता."

तिनं नाल उलटी करून दुसरी बाजू पुसली.

"लहाने," ती म्हणाली, "ही नाल मले देतं का व? तुया गाडीले तं आता नाई लागत. मामाजीच तुयापाशी चालले."

माझ्या जावेनं इतक्या वर्षांत माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. साधी साडीची पिनसुद्धा नाही. मी तिच्या हातातून नाल घेतली.

"मामाजीनं माझ्यासाठी आनली नं ताई," मी म्हटलं.

"हो. तेही खरं हाय," ती म्हणाली आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ठेच्याचा डबा होता, मला आवडतो म्हणून. मग तिनंच माझी गाडी गल्लीतून बाहेर काढून दिली.

चार वाजता आम्ही निघालो. मामाजी पुढं बसले, पट्टा लावून, दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट. नाल मी समोरच्या कप्प्यात टाकली होती. मूर्तिजापूरच्या अलीकडं रस्ता मोकळा झाला आणि मी एक्सलेटर दाबला. कप्प्यातली नाल आतल्या पत्र्याला लागून वाजली. टिर्रर्रिंग.

मी मामाजींकडं पाहिलं. ते समोर ट्रककडं बघत होते.

"गेला नं आवाज?" त्यांनी विचारलं.

"गेला," मी म्हटलं. पुढं अमरावतीपर्यंत तो मला एकटीला ऐकू येत होता.